पुरे की पुढे

४ मार्च

माझं वय सोळा आहे. गेली बावीस वर्षं ते सोळाच आहे.

खरं वय गुडघ्यांना विचारावं. पण काचेच्या खोलीत माइकसमोर उभी राहिले, कानावर हेडफोन चढवला आणि पडद्यावर एखाद्या पोरीचं तोंड उघडलं, की माझ्या गळ्यातून सोळा वर्षं बाहेर पडतात. परक्या भाषेतल्या मालिका, सिनेमे, शाम्पूच्या जाहिराती. जिथे म्हणून वयात आलेली मुलगी असते, तिथे आपल्या भाषेत ती माझ्या आवाजात बोलते. आणि या मुली करतात काय? एक दार आपटते. एक आईला "तुला काही कळतच नाही" म्हणते. एक फोनमध्ये तोंड घालून कुणासोबत तरी पळायचा बेत करते. एक शेवटच्या भागात रडते आणि सुधारते. बहुतेकदा ती एकच असते.

मला याचा संताप येतो. शाळेत वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली बाई आहे मी, आजही टेबलावर मूठ आपटल्याशिवाय मला वाद घालता येत नाही. आज चहाच्या वेळी स्टुडिओत आलेल्या एका मालिकेच्या लेखकाला विचारलंच, की बाबा रे, शेवटचं कधी बोललास एखाद्या सोळाच्या मुलीशी, सलग दहा मिनिटं? ज्यांना मताचा हक्क नाही, ज्यांच्या हातात लेखणी नाही, कॅमेरा नाही, त्यांची चित्रं आपण काढायची आणि वर त्यांनाच विचारायचं, तू अशी का गं वागतेस? तो हसला. म्हणाला, ताई, तुम्हीच तर इतकं छान बोलता त्यांचं.

दुपारी माझी लेक घोगरू स्टुडिओत आली होती, मी विसरलेली घराची किल्ली द्यायला. जन्मली तेव्हा रडण्याचाही आवाज असा जाडाभरडा, की बापाने तिथेच तिचं नाव घोगरू ठेवलं. लेखकासोबत आलेल्या दिग्दर्शकाने तिला जिन्यात पाहिलं. नवीन मालिकेसाठी त्याला खरीखुरी सोळाची मुलगी हवी आहे म्हणे, सव्वीस वर्षांची दोन वेण्या घातलेली नको. मी म्हटलं, ती बोलत नाही फारशी. तो म्हणाला, तेच तर.

९ मार्च

चाचणी झाली. प्रश्न विचारला की घोगरू आधी थांबते. अगदी बापासारखी. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो; काहीही विचारा, आधी उजेडाकडे धरून बघितल्यासारखं करतो आणि मग बोलतो. तिचंही तसंच. थांबली, आणि मग त्या खालच्या, खरखरीत आवाजात म्हणाली, "मला राग आला की मला झोप येते."

दिग्दर्शक माझ्याकडे वळून म्हणाला, ही खरी आहे.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. उतरताना म्हणाली, "आई, मी बोलत होते आणि ते ऐकत होते." एवढंच. पण माझ्या दंडाला धरून चालली घरापर्यंत. तिसरीनंतर पहिल्यांदाच.

२७ मार्च

शूटिंग सुरू झालंय. जेवताना ती सेटवरच्या गोष्टी सांगते आणि आम्ही दोघं घास हातात धरून ऐकतो, कारण मधला थांबा इतका लांब असतो की गोष्ट संपली की काय कळत नाही. आज तिने लेखकाला सांगितलं म्हणे, की माझ्या वयाच्या मुली दार आपटत नाहीत. फार दुखलं की हळूच लावतात, म्हणजे कुणी आत येणार नाही. लेखकाने तिच्या डोक्यावर टपली मारली. दार आपटण्याचेच तीन शॉट झाले.

"मग तू काय केलंस?" नवऱ्याने विचारलं.

"आपटलं. पण तिसऱ्या वेळी माझ्या मनासारखं बोलले ते वाक्य. त्यांनी तेच ठेवलं."

मला इतका अभिमान वाटला. शेवटी कुणीतरी पडद्यावर स्वतःच्या गळ्याने बोलणार. बावीस वर्षं मी भाषणं ठोकली आणि पोरीने तिसऱ्या टेकला ते करून दाखवलं.

११ एप्रिल

चॅनलच्या बाईंनी मला एकटीला बोलावलं. चहा, बिस्किटं, मोठी खिडकी. पहिले चार भाग त्यांनी बघितले होते. चेहरा उत्तम, म्हणाल्या, डोळे तर अप्रतिम. पण आवाज? कुणी गेल्यासारखं बोलते हो ती. टीनएजर म्हणजे कशी उसळती हवी. लोक दमून घरी येतात, त्यांना हा खर्ज नको.

मी बोलले. खूप बोलले. सोळाचं वय म्हणजे सोड्याची बाटली नव्हे, म्हणाले. मुलींचा खरा आवाज ऐकायची सवयच तुम्ही लोकांना लागू दिली नाहीत आणि आता त्याच सवयीचा दाखला देता? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, एक बिस्किट पुढे सरकवलं. मग शांतपणे म्हणाल्या की दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे. सोमवारपासून.

सोमवारपासून. माझी पोर उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत बसली असेल घरी.

मी म्हटलं, तिला काढू नका. आवाजच नको आहे ना? मी देते.

बाई इतक्या गोड हसल्या. त्यांच्या मनात आधीपासून तेच असावं.

१३ एप्रिल

पहिले दोन भाग केले. सांगायला लाज वाटते, पण काम सोपं गेलं. दुसऱ्याच्या तोंडात आवाज भरायचा तर आधी त्याचा श्वास शिकावा लागतो: कुठे घेते, कुठे सोडते, ओठ उघडण्याआधी जीभ हलते का. परक्या मुलींचा श्वास समजायला मला अर्धा दिवस लागतो. हिचा मला तोंडपाठ. हिला कूस बदलताना ऐकलंय मी.

अडचण एकच, तिचे थांबे. त्यात काहीतरी भरावं लागतं, नाहीतर चॅनलला ते रिकामं वाटतं. मग मी लहानसं हसू भरलं, एक "शी बाई", एक "अय्या". रेकॉर्डिस्टदादा म्हणाले, ताई, वीस वर्षांत असं ओठाला ओठ बसलेलं बघितलं नाही. एकाच रक्ताचं आहे शेवटी.

आपलेच दात, आपलेच ओठ.

नवऱ्याने विचारलं, तिला सांगितलंस? मी म्हटलं, सांगते. तिचं शूटिंग रंगात आलंय, मध्येच कशाला. तो हातातला चष्मा पुसत राहिला. तिचं काम वाचवलंय मी. हे कुणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मीच लिहून ठेवते.

२ मे

आज पहिला भाग लागला.

तिने शाळेतल्या पाच मैत्रिणींना बोलावलं होतं. मला हे ठाऊक नव्हतं. आले तर बूट दारात आणि सतरंजी अंथरलेली. मी स्वयंपाकघरातच थांबले. सांगायचं राहून गेलं होतं. रोज ठरवत होते आणि रोज ती काहीतरी सांगत सुटायची, आणि तिला बोलताना थांबवणं माझ्याच्याने होत नव्हतं.

शीर्षकगीत संपलं. मग माझा आवाज आला. उसळता, गोड, शेवटाला जरा वर जाणारा.

एक मैत्रीण हसली. दुसरी म्हणाली, "ए, हे कोण बोलतंय?" पूर्ण भाग बघितला त्यांनी. मुली शहाण्या, छान झालं म्हणून निघाल्या. घोगरूने सगळ्यांना दारापर्यंत सोडलं, पेले उचलले, विसळले, पालथे घातले. मी तिच्यामागे उभी राहून सगळं सांगितलं. चॅनल, दुसरी मुलगी, सोमवार. म्हटलं, तुझं नाव राहावं म्हणून केलं गं.

ती थांबली. मी वाट पाहिली. तो थांबा संपलाच नाही. मग ती आपल्या खोलीत गेली आणि दार हळूच लावलं.

बरं झालं. मला वाटलं होतं आकांडतांडव होईल, दार आपटेल. समजूतदार आहे.

३ मे

वेळेवर उठली, कामाला गेली. डबा आपणहून घेतला. डोळे लाल होते, पण लाइटचा त्रास होतो म्हणे त्यांना.

१६ मे

मालिका धावतेय. "आमच्याच घरातली मुलगी" असं सगळे म्हणतात. काल दुकानात एक बाई घोगरूच्या हनुवटीला धरून म्हणाल्या, बोल ना गं टीव्हीवर बोलतेस तसं, माझ्या मुलीला ऐकायचंय. ती थांबली, मग आपल्या आवाजात म्हणाली, काय बोलू? त्या बाईचा चेहरा पडला. घसा बसलाय का, म्हणाल्या, मध घे.

घरी येऊन मी मध आणि कोमट पाणी दिलं. तसं दोन्ही वेळ देते आता. ती पिते.

नवऱ्याशी भांडण झालं. तो भांडत नाही म्हणून जास्तच झालं. तो म्हणाला, "तू तिच्या तोंडावर हात ठेवलास."

मी उसळले. म्हटलं, मी? बाहेरच्या जगात एकटी भांडते ती मी! या पोरांना मूर्ख, उद्धट, बिघडलेलं दाखवणाऱ्यांच्या तोंडावर सांगणारी मी! आणि हा रोजगार, हे नाव, हा रस्त्यावरचा मान तिला कुणी मिळवून दिला? अर्धा तास बोलले. मुद्दे सगळे बरोबर होते. एकही आठवून मागे घ्यावासा वाटत नाही. तो दिवा बघावा तसा माझ्याकडे बघत होता.

मधल्या खोलीचं दार बंद होतं. तिला ऐकू गेलं नसेल.

२९ मे

दिग्दर्शक आज हसत हसत सांगत होता, तुमची लेक आता अगदी व्यावसायिक झाली. संवाद पाठच करत नाही. कॅमेरा सुरू झाला की नुसते आकडे म्हणते, एक दोन तीन चार, वाक्याच्या लांबीएवढे. नंतर तुम्ही आहातच. मोठमोठ्या नट्या असंच करतात, तिला कुणी शिकवलं?

मी नाही शिकवलं. पण गंमत वाटली. मालिकेतल्या आईने हिचं आईस्क्रीम खाल्लं म्हणून कॅमेऱ्यासमोर बापाशी भांडायचं, तर ही अत्यंत दुःखी डोळ्यांनी सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस म्हणते. बूथमध्ये मी त्या तीन आकड्यांवर "तुमचं माझ्यावर प्रेमच नाही" बसवलं. चपखल बसलं.

रेकॉर्डिस्टदादा मात्र हसले नाहीत आज.

६ जून

आजचं लिहू की नको, असं दोनदा झालं.

वादळाचा प्रसंग होता. ही गच्चीत उभी, मोठे पंखे लावलेले, केस उडतायत. पंख्यांच्या आवाजात सेटवरचं ध्वनिमुद्रण म्हणजे नुसती घरघर. अशा वेळी ऐकायला काही नसतं. फक्त ओठ बघायचे. चेहरा जवळून घेतलेला, सगळा पडदाभर. लिहिलेलं वाक्य होतं: "मला जगू द्या माझं आयुष्य!"

ती ते म्हणत नव्हती. आकडेही म्हणत नव्हती.

तोंड उघडं, मग दात किंचित दिसले. आ, ई. मग ओठ मिटले, पुढे आले, पसरले. पुन्हा तेच. चार वेळा. कॅमेऱ्यात बघत. कॅमेऱ्यात नाही, आणखी मागे. जिथे बूथमध्ये मी उभी असणार तिथे. इतक्या जवळून तिचं तोंड बघणारं जगात दुसरं कोण आहे?

आई, पुरे.

किंवा आई, पुढे. ओठांवर पुरे आणि पुढे अगदी सारखे दिसतात. र आणि ढ दोन्ही आत, जिभेवर होतात. बाहेरून कळायला मार्ग नाही. धंद्यातली गोष्ट आहे, बाहेरच्यांना नाही कळायची. पुढे म्हणाली असेल. पुढचं तू बघ, पुढचं तू म्हण, अशा अर्थी. थट्टेने. तिचा स्वभाव तसा नाही, पण सेटवर राहून लागतात सवयी.

दादांनी विचारलं, ताई, करायचं? मी म्हटलं, करूया. पहिल्याच टेकला झालं. पाणी पिऊन आले आणि शाल अंगावर ओढून घेतली. ए.सी. फार वाढवून ठेवतात.

७ जून

सकाळी सहज विचारल्यासारखं केलं. गच्चीतल्या शॉटमध्ये तू "पुढे" म्हणालीस ना?

ती बुटांचे बंद बांधत होती. थांबली. बंद बांधून झाले, उभी राहिली, दप्तर खांद्याला लावलं.

"तुला काय दिसलं?"

"पुढे," मी म्हटलं.

"मग तेच."

२० जून

लवकर सुटले आज. जिना चढताना आतून आवाज ऐकू आला. माझाच. उसळता, मधे छोटंसं हसू, शेवटाला वर. वाटलं, मालिकेचा जुना भाग लागलाय.

टीव्ही बंद होता. ती आरशासमोर होती. शाळेत सगळे तिला "डब" म्हणतात, हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून परवाच कळलं. वर्गात ही बोलायला उभी राहिली की मागून कुणीतरी ओरडतं, आवाज चुकीचा लागलाय! मी त्यावर मुख्याध्यापिकांना कडक पत्र लिहायचं ठरवलं होतं. आणि ही इथे आरशात बघून म्हणत होती, "शी बाई, तुला ना, काही कळतच नाही."

मी मागे सरकले. दोन जिने उतरून खाली फाटकाशी उभी राहिले, आणि मग बूट वाजवत वर आले.

"आलीस, आई?" ती म्हणाली. माझ्याच आवाजात. थांबली नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्यात एक श्वासही गेला नाही.

२५ जून

सगळे म्हणतात, किती मोकळी झाली मुलगी. माझी धाकटी बहीण आली होती, ती तर तिच्या गळ्यातच पडली. पूर्वी मूग गिळून बसायची, म्हणाली, आता कशी चिवचिवते. घोगरू हसली. मी भरते तिथेच हसली.

नवरा ताटावरून उठला. हात धुतले, आणि बराच वेळ नळ सुरूच ठेवला.

मी मध बंद केला आहे.

३० जून

चॅनलच्या बाई सेटवर आल्या होत्या, तिने त्यांच्याशी गप्पा मारल्या. बाईंनी लगेच मला फोन केला. अहो, हिचा आवाज तर सुंदर लागतोय आता! आधी बुजत होती बहुतेक. आता तिचं तिलाच बोलू दे, तुम्हाला कशाला त्रास. अभिनंदन म्हणाल्या. शेवटी खरी मुलगी खऱ्या आवाजात, असं जाहिरातीत टाकणार आहेत.

मला उत्तर द्यायचं होतं. जन्मभर उत्तरं दिली मी. सभेत दिली, बसमध्ये दिली, चहाच्या टपरीवर दिली. आज फोन कानाला लावून उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं, माणूस बोलण्याआधी का थांबतो. सगळं आत असतं आणि त्यातलं काहीच बाहेर येण्याच्या लायकीचं नसतं.

हॅलो, हॅलो, करत बाईंनी फोन ठेवला.

रात्री जेवताना मी तिला हाक मारली, "घोगरू."

तिने वर पाहिलंच नाही. आपल्याला कुणी हाक मारली, हे तिच्या लक्षातच आलं नाही बहुतेक. बापाने हलकेच तिच्या हाताला हात लावला.

४ जुलै

सकाळी माझ्या खोलीत आली, हातात संवादांचे कागद. उद्यापासून बूथमध्ये ती स्वतः. पलंगाच्या कडेला बसली, गुडघे जवळ घेऊन. केसांना तेल, गालावर दोन पुटकुळ्या, नखं कुरतडलेली. पडद्यावर यातलं काही दिसत नाही.

मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आवाजात वाच ना एकदा. फक्त मला."

"हाच आहे की," ती म्हणाली. लाडाने म्हणाली. खोटं बोलतेय असं मुळीच वाटलं नाही. मी कान लावून ऐकलं, कारण खोटा आवाज ओळखण्यावर माझं पोट आहे. कुठे जोड दिसतोय का, श्वास चोरलाय का, खाली तळाशी तो खर्ज अजून आहे का. नव्हता. काम स्वच्छ होतं.

मग तिने कागद माझ्यापुढे धरला. एका वाक्यावर तिची बोटं अडली होती. "आई, हे बघ ना. 'मला एकटं सोडा.' इथे तू शेवट कसा उचलतेस? माझा सारखा खाली पडतो."

तिने म्हणून दाखवलं. खरंच पडत होता. वाक्याच्या अगदी शेवटी, 'सोडा'मधल्या 'डा'वर, एवढाच एक अक्षरभर खरखरीत, जाडाभरडा. मला म्हणायचं होतं, तिथेच थांब, तिथे हात लावू नकोस, ते एवढं तरी राहू दे.

ती माझ्याकडे बघत होती. उद्या सकाळी काचेपलीकडे बाई बसणार, दादा बसणार. तो 'डा' खाली पडला तर परत कुणीतरी तिला सांगणार, की तुझा आवाज चालत नाही. ते वाक्य तिने दुसऱ्यांदा ऐकावं, इतकं बळ माझ्यात नाही.

"हनुवटी जराशी वर घे," मी म्हटलं. "आणि हसल्यासारखं कर. दात दिसू देत. मग आपोआप जातो वर."

तिने हनुवटी वर घेतली. हसल्यासारखं केलं.

"मला एकटं सोडा."

"आता बरोबर," मी म्हटलं.